शिमग्याला येत नाही, त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

तिकीट काढून झालंय, तेव्हा "जाऊ का?" असं उगाच विचारत नाही. मार्चअखेरीस आठ दिवस मालदीवला चाललेय. वेंगुर्ल्याच्या अंगणात पालखी येईल तेव्हा मी नसेन. ओटी वहिनी भरेल, तिच्याशी बोललेय. तिथून खेळायची हॅम, म्हणजे हौशी रेडिओची, ४८ तासांची स्पर्धा मार्चच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते, तिची तारीख हलत नाही. (पालखीचीही हलत नाही, ठाऊक आहे.)

आई, जेवणाचं मनात आणू नकोस. तिकडेही भात नि मासळीच, फक्त बांगड्याच्या जागी कुपा. कोकमाच्या आगळाची बाटली नेतेय. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, म्हणून तुझ्या साडेआठला मी आठ वाजता फोन करीन.

बाबा, तुम्ही विचारणारच. आपल्या रेडिओ-परवान्याची प्रत जोडून तिथल्या दळणवळण प्राधिकरणाकडे अर्ज केलाय. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं नाव, ८क्यू७ ने सुरू होईल. हॉटेलची संमती लेखी घेतलीय. निघताना कस्टम्सकडून सीरियल नंबरसह निर्यात दाखला घेईन, नाहीतर परतताना आपलाच रेडिओ सेट आपलाच आहे हे पटवत बसावं लागतं.

अँटेना साधीच. फायबरच्या गळकाठीवर ५ मीटर ५ सेंटिमीटर उभी तार, खाली तेवढ्याच दोन रेडियल, म्हणजे बाजूला पसरायच्या तारा, कमरेइतक्या उंचीवरून टोकाकडे उतरत्या. वीस मीटर लांबीच्या लहरींच्या बँडला पाव लहर एवढीच भरते. खारं पाणी लगत असलं की उभी तार सिग्नल क्षितिजालगत फेकते; आपल्या माडांमधल्या आडव्या तारेच्या डायपोलला ते कुठलं जमायला! मात्र ओहोटीचं पाणी बघून काठी रोवली तर भरतीला लाटा रेडियलच्या टोकांना लागतात नि एसडब्ल्यूआर (तारेकडून सेटकडे परतणाऱ्या शक्तीचं माप) चढतो. म्हणून पहिल्या दिवशी नुसती भरतीची रेघ बघायची. कनेक्टरांना रबरी टेप, नाहीतर खाऱ्या हवेने आतून हिरवे पडतात, आपल्या गच्चीवरच्यासारखे. खोलीतल्या एसीचा नि एलईडीचा गोंगाट टाळायला २० मीटर केबल. त्यात सिग्नलचा एक डेसिबल जाईल, जाऊ दे. सेटकडच्या टोकाला फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या) कड्यातून केबलचे आठ-दहा वेढे. शंभर वॅटला १३.८ व्होल्टवर वीसेक अँपिअर लागतात, म्हणून बॅटरी न नेता स्विचिंग सप्लाय नेतेय. तिथले सॉकेट ब्रिटिश, चौकोनी तीन पिनांचे. अडॅप्टर दोन घेतलेत.

माले वेंगुर्ल्याच्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, १,३०० किलोमीटर. स्पर्धा आपल्या शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू. दुपारी १४.१५० ते १४.३५० मेगाहर्ट्झमध्ये शोधा, सेट यूएसबीवर (अपर साइडबँड), नाहीतर बोलण्याऐवजी नुसती बदकं ऐकू येतील. पडवीत मांडीवर बसवून मॉर्सचं डा-डिट-डा शिकवलंत, तेव्हा मी बोलेन ते तुम्हाला ओळखू येईलच.

आणि ऐकू आलं नाही तर तार बघायला शिडीवर चढायचं नाही. कलमावरही नाही, आंबे गडी काढेल. आई, तू रविवारी गोळ्यांची डबी भरतेस ना? गेल्या खेपेला त्यातला बुधवार तसाच होता, बोलले नाही तेव्हा. जेवायला बसताना डबी ताटाशेजारी ठेव.

तुमची,
बाय