सूचना : २८ फेब्रुवारी आणि संशोधन पदांच्या जाहिराती

सर्व सभासदांना नमस्कार,

राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला आहे. १९२८ मध्ये याच दिवशी रामन परिणामाची (सी. व्ही. रामन यांच्या प्रकाशाच्या विखुरण्याविषयीच्या शोधाची) घोषणा झाली. त्यानिमित्त सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेमध्ये दरवर्षी सर्वांसाठी कार्यक्रम असतात. शाळकरी मुलांना आवर्जून आणा. वेळा आणि नावनोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहूनच निघा.

ज्यांना जमेल त्यांनी नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही पाहावी. ४५ मीटर व्यासाची तबकडी खाली उभं राहून बघण्यासारखं दुसरं काही नाही! तिथे मोबाईल बंद ठेवायचा म्हणजे ठेवायचाच. आकाशातून येणारे रेडिओ संकेत अतिशय क्षीण असतात, फोनच्या लहरींमुळे निरीक्षणात अडथळा येतो.

आता नोकरीचं. विद्यापीठातल्या प्रकल्पांवरची पदं कंत्राटी असतात, जाहिरातीची मुदतही अनेकदा थोडीच असते. म्हणून एमएस्सी झालेल्यांनी कागद आत्ताच तयार ठेवावेत:

- सर्व गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र
- नेट किंवा गेट या पात्रता परीक्षेचा निकाल
- लागू असल्यास जात वैधता प्रमाणपत्र
- प्रबंधाचा एक पानी सारांश (मुलाखतीत यावरच बोलणं होतं, तो स्वतः लिहा)

केंद्राच्या २०२३ च्या सुधारित दरांनुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. मात्र प्रत्येक प्रकल्पाला हाच दर लागू होत नाही, जाहिरात नीट वाचा.

गटावर जाहिरात टाकताना मूळ दुवा आणि शेवटची तारीख हवीच. नुसते फोटो असतील तर ते गटावरून हटवले जातील. निवडीसाठी कुणी खासगी खात्यावर पैसे मागितले तर देऊ नका, लगेच गटावर कळवा.

२८ तारखेला येणाऱ्यांनी आपलं नाव आणि सोबतच्या मुलांची संख्या २० फेब्रुवारीपर्यंत इथे लिहावी.