रेडिओला कात्री लागलीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २५ जून आला की आपल्या अंकात आणीबाणीच्या आठवणी येतात, तशा यंदाही आल्या. कोरा सोडलेला अग्रलेख, दिल्लीत छापखान्यांची तोडलेली वीज, मुंबईच्या एका इंग्रजी पेपरात कोणीतरी गुपचूप छापून आणलेली लोकशाहीच्या निधनाची जाहिरात, हे सगळं मी दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी आवडतं. पण या आठवणी लिहिणारे बहुतेक पत्रकार असल्यामुळे त्या पेपरांच्याच असतात. आमच्या घरी पेपर दुपारच्या एसटीने यायचा, तोही चार घरांत फिरून. आमच्यासाठी बातमी म्हणजे रेडिओ होता. त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

१९७५ च्या २६ जूनची सकाळ मला आठवते. मी तेव्हा कराडला कॉलेजात होतो. पंतप्रधानांचा आवाज आला: राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरून जाण्याचं कारण नाही. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "कोण घाबरलंय?" आणि वडिलांनी रेडिओ बंद केला. आमच्या घरात त्या विषयावर त्या दिवशी झालेली चर्चा एवढीच.

पुढे वाचनातून कळलं की पेपरांसाठी सेन्सॉर अधिकारी बसवावे लागले, मजकूर तपासून घ्यावा लागला, काहींनी नाही म्हटलं, काही वाकले. रेडिओसाठी असं काहीच करावं लागलं नाही. दोन-चार दिवसांत माहिती-नभोवाणी मंत्री बदलले, इंद्रकुमार गुजराल गेले आणि विद्याचरण शुक्ल आले. त्याच वर्षी पंतप्रधानांनी आकाशवाणीच्या केंद्र संचालकांना बजावलं की हे सरकारचं माध्यम आहे आणि सरकारचंच राहील. बातमी निवडणारा माणूस आधीपासूनच सरकारी नोकर होता. त्याच्या टेबलाशेजारी सेन्सॉरसाठी वेगळी खुर्ची कशाला मांडायची?

पेपरातून बातमी कापली तर जागा कोरी राहते, निदान वाचणाऱ्याला शंका येते. रेडिओवर तसं होत नाही. पंधरा मिनिटांचं बातमीपत्र पंधरा मिनिटंच चालतं, बातमी असो वा नसो. एखादी बातमी गाळली तर तिच्या जागी धरणाचं उद्घाटन येतं, ते संपलं की क्रिकेट आणि हवामान. निवेदकाचा आवाज तोच, उच्चार तेच, शेवटचं "बातम्या संपल्या"ही तेच. गाळलेलं ऐकू येत नाही हीच त्यातली खुबी.

एकदा मात्र ते आम्हालाही ऐकू आलं, आणि तेही बातम्यांत नाही. १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी रेडिओवरून अचानक गेली. सरकारी कार्यक्रमात गायला त्याने नकार दिला म्हणून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याच्यावर बंदी घातली होती, हे नंतर आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर उघड झालं. आम्हाला त्या वेळी कारण माहीत नव्हतं. पण कॉलेजातल्या ज्या पोरांना तुरुंगात कोण आहे याची फिकीर नव्हती, तीही विचारायला लागली की किशोर कुठे गेला. सरकारने राजकारणाच्या बातम्या दाबल्या त्या पचल्या, गाण्यावर मात्र पकडलं गेलं, असं मला अजून वाटतं.

आणखी एक प्रसंग आमच्या गावचाच. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तेव्हा तुरुंगातून सुटून मुंबईच्या रुग्णालयात होते, मूत्रपिंडं निकामी झालेली. दुर्गाबाईंनी यशवंतरावांसमोर, भर मंडपात, जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायला सांगितलं. मी मागच्या बाजूला उभा होतो. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. मंडपातून परतताना आम्ही सगळे त्याविषयीच बोलत होतो आणि "आज रेडिओवर सांगतील का" असं कोणी विचारलंसुद्धा नाही. सहा महिन्यांत आम्ही अपेक्षाच सोडून दिली होती. आणि याच रेडिओच्या परवान्यासाठी वडील पोस्टात जाऊन वर्षाला पंधरा रुपये भरायचे.

खरं काय ते ऐकायला बीबीसीची हिंदी सेवा होती. शॉर्टवेव्हची सुई केसभर इकडेतिकडे करत, खरखरीतून ती शोधायची. ही सवय आणीबाणीनंतरही सुटली नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि आकाशवाणीने त्या गेल्याचं सांगितलं ते संध्याकाळी. बीबीसीने कितीतरी आधी सांगितलं होतं. बंगालच्या दौऱ्यावर असलेले राजीव गांधीही त्या दिवशी ट्रान्झिस्टरवर बीबीसीच लावून बसले होते, हे पुढे प्रसिद्ध झालं. ज्या घराच्या ताब्यात आकाशवाणी होती, त्या घरातल्या माणसालाही आपल्या आईची बातमी लंडनहून घ्यावी लागली.

आता कोणी म्हणेल, ही सगळी जुनी रडगाणी झाली, आज शेकडो चॅनेल आहेत. टीव्हीचं खरं आहे. तिथे दिवसभर ओरडा चालतो आणि त्यातली बातमी आपण वेचून घ्यायची असते. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. मी रेडिओबद्दल बोलतोय.

१९७७ मध्ये जनता पक्ष आला. आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी वर्गीज समिती नेमली, १९७९ मध्ये विधेयक आणलं, सरकार पडलं आणि विधेयकही गेलं. १९९० मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन एका स्वायत्त संस्थेकडे देणारा प्रसार भारती कायदा झाला, मग सात वर्षं कपाटात राहिला. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. तो निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून आलेला, हे आपल्या देशाला शोभलंच. १९९७ मध्ये प्रसार भारती उभी राहिली, पण पगार सरकारी अनुदानातूनच. वृत्तविभागात नेमणुका भारतीय माहिती सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या. म्हणजे आज जो अधिकारी एखाद्या मंत्रालयाची प्रसिद्धीपत्रकं काढतो, तोच उद्या बदली होऊन त्याच मंत्रालयाची बातमी कितवी लावायची ते ठरवतो. माणूस भला असेल, पण त्याने करायचं काय?

खासगी एफएमची गोष्ट तर याहून अजब आहे. तिथे आजही स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, त्यात शब्द बदलायचा नाही. खेळ, हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल चालतात. वीज-पाण्याची माहिती चालते, पण प्रशासनाने दिलेली. म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे निवेदक सांगू शकतो. का येणार नाही हे विचारलं की ती बातमी झाली. आमच्याच जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे छान सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. माण हा पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी तालुका, तिथल्या बायका तिथल्या बोलीत बोलतात, शेतीचं सांगतात, ओव्या गातात. पण टँकर का आला नाही याची बातमी त्याच बोलीत द्यायची म्हटलं तर नियम आडवा येतो. हीच बातमी मोबाइलवर, टीव्हीवर, आपल्या पेपरात देता येते, बंदी फक्त रेडिओला. यामागचं कारण मला कोणीतरी समजावून सांगावं.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की खासगी एफएमना तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. दहाच मिनिटं! एवढ्या छोट्या मागणीसाठी एवढी वर्षं लागली. आणि यात एका पक्षाला दोष देण्यात अर्थ नाही. आणीबाणीत तुरुंगात गेलेले सत्तेवर आले, त्यांना तुरुंगात टाकणारेही पुन्हा आले, रेडिओ ज्याच्या हातात पडला त्याने मूठ काही सोडली नाही.

गैरसमज नको म्हणून सांगतो, मी आकाशवाणीचा वैरी नाही. सकाळच्या प्रादेशिक बातम्या अजूनही चुकवत नाही. इतकं शुद्ध, न ओरडता बोललेलं मराठी दुसरीकडे कुठे कानावर पडतं? जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग हलवायचं ठरलं तेव्हा श्रोत्यांनी बोंब ठोकली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. ठरवताना श्रोत्यांना विचारलं नव्हतं, थांबवताना मात्र त्यांचं ऐकावं लागलं. तीच बोंब एकदा एफएमच्या बातम्यांसाठीही व्हायला हवी, आणि ती आपल्यासारख्या वृत्तपत्राने सुरू केली तर चांगलं. जाहिरातीतला वाटेकरी वाढेल ही भीती मालकांना असेल तर तसं उघड सांगावं.

पत्र लांबलं आहे, कल्पना आहे. जागेअभावी खुशाल कापा. छापून आल्यावर मी माझ्याकडची प्रत शेजारी ठेवून बघेन, कुठे कापलंत ते मला लगेच कळेल.

आपला,
एक जुना श्रोता, कराड