बाई, 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'साठी आभार

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मानसोपचार वॉर्डात पोस्टिंग लागल्यावर मी तुम्हाला फोन केला होता. तिथल्या फॉर्मवर 'अफेक्ट' असा रकाना होता, आणि शाळेत तर आपण ते क्रियापद म्हणून शिकलो होतो. शाळा सोडून वर्षं लोटली, तरी तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून सगळं समजावलंत. त्याचे आभार चारचौघांत मानावेसे वाटले.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'मधल्या गोंधळाचं मूळ तुम्ही आपल्या मराठीतच दाखवलंत, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 'पावसाचा पिकावर परिणाम झाला' असं आपण म्हणतो. दोन्ही इंग्रजी शब्दांना आपल्याकडे 'परिणाम' हे एकच नाम पुरतं. क्रियेचं काम 'होणे' आणि 'करणे' सांभाळतात. शिवाय 'पिकावर'मधला तो 'वर' इंग्रजीतही डोकावतो आणि मुलं 'अफेक्ट ऑन' लिहितात. खरं तर 'अफेक्ट' हे सकर्मक क्रियापद, त्याला कर्म थेट लागतं: 'द रेन अफेक्टेड द क्रॉप'. 'ऑन' हवा तो 'इफेक्ट' या नामाला: 'द रेन हॅड ॲन इफेक्ट ऑन द क्रॉप'. एवढं एक 'ऑन' पाहिलं तरी बहुतेक वाक्यं सुटतात.

दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'करणे' या अर्थाच्या एकाच धातूचे, हेही तुम्ही सांगितलंत. मग अपवाद. 'इफेक्ट' क्वचित क्रियापद होतं: 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे. 'अफेक्ट अ चेंज' म्हटलं, तर बदल आधीच चालू आहे आणि आपण त्यावर प्रभाव टाकतो आहोत. केवढा फरक!

आणि माझा तो रकाना. मानसशास्त्रात 'अफेक्ट' नाम होतं, तेव्हा आघात पहिल्या अक्षरावर येतो: 'ॲफेक्ट'. हा उच्चार देवनागरीत किती स्वच्छ लिहिता येतो! रुग्ण स्वतः 'उदास वाटतं' म्हणतो, ते 'मूड'मध्ये लिहायचं. त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून आपल्याला जी भावना दिसते, ती 'ॲफेक्ट'मध्ये. भावनेची जवळजवळ एकही खूण दिसत नसेल, तर 'फ्लॅट'. हा रकाना मी आता समजून भरते, आणि रुग्णाकडे अधिक लक्ष देऊन पाहते.

मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या वर्गमैत्रिणींनाही हे सगळं तुमचं नाव घेऊनच सांगते आहे. बाई, मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी