रकाना रिकामा राहिला तरी चालेल

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रुग्णालयातील परिचारिका रुग्णांशी तुसडेपणाने बोलतात, अशी तक्रार करणारी पत्रे आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. तक्रार खोटी नाही. परंतु परिचर्येतील नीतिमत्ता म्हणजे गोड बोलणे, असा जो समज या पत्रांतून दिसतो, त्याविषयी परिचर्या विद्यालयात उभी नोकरी केलेल्या माझ्यासारखीला चार शब्द लिहिणे भाग आहे.

वॉर्डातील टीपीआर चार्ट, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वसनाच्या नोंदींचे तक्ते पाहावेत. तापमान आणि नाडीचे आकडे खाटेगणिक बदलतात. श्वसनाच्या रकान्यात मात्र पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत बहुधा ‘२०’ हाच आकडा आढळतो. श्वास मोजायचा तर रुग्णाच्या छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट उभे राहावे लागते, आणि साध्या वॉर्डात त्यासाठी यंत्र नसते. म्हणून तो अंदाजाने लिहिला जातो. वास्तविक प्रकृती ढासळू लागली की रक्तदाब उतरण्याच्या बराच आधी अनेकदा श्वासाची गती वाढते, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला वेळेत बोलावण्यासाठी तोच आकडा उपयोगी पडतो. न मोजता तो लिहिणे हा अप्रामाणिकपणा आहे. त्याचे मोल ठाऊक नसणे हे अज्ञान आहे. रुग्णाला दोन्हींची किंमत सारखीच मोजावी लागते.

इन्सुलिनचेही तसेच. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले, अशी दोन्ही प्रकारची इन्सुलिने मिळतात. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची केशरी. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत, म्हणजे अर्धा मिलिलिटर, भरले, तर रुग्णाच्या शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. हे ज्या हाताला माहीत नाही, तो हात कितीही मायेचा असला तरी रुग्णाच्या काय कामाचा?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी हल्ल्यानंतर अचेतनावस्थेत गेलेल्या आपल्या सहकारी परिचारिका अरुणा शानभाग यांची १९७३ पासून २०१५ पर्यंत जी सेवा केली, तिचे वर्णन सर्वांनी ममता म्हणून केले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहावर एकही शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) नव्हता, याची दखल त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आहे. ती नुसत्या ममतेने साधणारी गोष्ट नव्हे. वेळच्या वेळी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, आहाराकडे लक्ष देणे हे पाळीमागून पाळी न चुकता करणारे कसब त्यामागे होते.

आता दुसरी बाजू. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. रात्रपाळीला चाळीसेक खाटांची जबाबदारी एकटीवर असेल, तर केवळ श्वास मोजण्यातच तिची चाळीस मिनिटे जातील. अशा वेळी तिने रकाना रिकामा सोडावा किंवा ‘घेतले नाही’ असे लिहावे, असे मी विद्यार्थिनींना सांगत आले. त्यामुळे निदान मनुष्यबळाची टंचाई कागदावर उमटते. दुर्दैवाने रिकाम्या रकान्याबद्दल मेमो मिळतो आणि बनावट आकड्याबद्दल कोणी विचारत नाही. त्यामुळे नवी मुलगी काय शिकते, हे वेगळे सांगायला नको.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण लागते. हे तास बहुतांशी सभागृहात बसून भरतात. भाषण, चहा, प्रमाणपत्र. डोस काढून दाखवा, असे तेथे कोणी म्हणत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याने नीतिमत्ता आणि नोंदणी हे दोन्ही विषय एकाच मंडळाकडे सोपवले आहेत, ही गोष्ट मला आशादायक वाटते. या मंडळाने नूतनीकरणाच्या वेळी औषधाची मात्रा काढणे, श्वास मोजणे आणि बाहुल्यावर हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर) करून दाखवणे एवढी तरी हाताची परीक्षा घ्यावी. खाजगी शुश्रूषागृहांत सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या मुलींना पांढरा एप्रन चढवून ‘सिस्टर’ म्हणून उभे केले जाते. तेथे प्रत्येक पाळीतील परिचारिकांचे नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावण्याची सक्ती राज्य सरकारने करावी आणि रिकाम्या रकान्यासाठी मेमो देण्याआधी त्या पाळीत किती जणी होत्या, हे तपासणी पथकाने पाहावे.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सातारा