आधी तराजू, मग सूत्रे

महोदय,

‘रसायनशास्त्र म्हणजे नुसते पाठांतर’ अशी तक्रार करणारी दोन-तीन पत्रे या सदरात नुकतीच वाचली. बत्तीस वर्षे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवूनही ही तक्रार खोटी आहे असे मला म्हणवत नाही. मीही पहिल्याच आठवड्यात हायड्रोजन, हेलियम, लिथियमपासून वीस मूलद्रव्ये पाढ्यांसारखी घोकून घेत असे. पाठोपाठ संयुजांचा, म्हणजे कोणते मूलद्रव्य किती जोड्या जुळवते त्याचा, तक्ता. मुले संयुजांची तिरपी अदलाबदल करून सूत्रे बिनचूक लिहायची. पण मेणबत्ती जळते तेव्हा मेण जाते कुठे, असे विचारले की म्हणायची, ‘बाई, संपते.’

सुरुवात या ‘संपते’शी भांडूनच व्हायला हवी. एक ग्रॅम मेण पूर्ण जळताना हवेतला साधारण साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन घेते. त्यातून तीन ग्रॅमहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड आणि सव्वा ग्रॅमहून अधिक वाफ तयार होते. म्हणजे जे संपले म्हणता, ते चौपटीहून जड होऊन हवेत गेले! ज्योतीवर क्षणभर थंड काच धरली की तिच्यावर धरते ते दव म्हणजे हेच पाणी. आणि कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ होते, हे तर विज्ञान कधीच सोडून दिलेल्यांनाही जन्मभर पाठ असते. का होते, ते मात्र क्वचितच कोणी सांगू शकते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने अठराव्या शतकात दुसरे काय केले? भांडे बंद केले, आधी वजन केले, नंतर केले. मूलद्रव्याची त्याची व्याख्याही साधी: जे आणखी फोडता येत नाही ते. १७८९ च्या ग्रंथातल्या त्याच्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णताही बसले आहेत. मुलांना हे जरूर सांगावे. एवढा मोठा माणूस चुकला म्हटल्यावर वर्ग खुलतो.

खरी मेख पुढे आहे. पाण्याचे सूत्र एच-टू-ओ, हे सगळ्यांना येते. पण कशावरून? अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनने तर पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरला होता. १८०८ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ गे-लुसॅकने दाखवले, की दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांपासून दोन लिटर वाफ मिळते. आता समान आकारमानात कणही समान धरले आणि ऑक्सिजनचे कण सुटे एकएकटे असतील, तर एका लिटरमधले कण दोन लिटर वाफेला पुरणार कसे? प्रत्येकाचे दोन तुकडे करावे लागतील, आणि अणू तर फुटायचा नाही. यातून वाट काढली इटलीच्या अ‍ॅव्होगॅड्रोने, १८११ मध्ये: समान आकारमानात रेणूंची, म्हणजे अणू जोडून झालेल्या कणांची, संख्या समान आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंच्या जोडीचा. हे लोकांच्या गळी उतरायला १८६० उजाडले. जे पटायला रसायनशास्त्रज्ञांना जवळपास पन्नास वर्षे लागली, ते आपण एका तासिकेत फळ्यावर लिहून मोकळे होतो. मग समीकरण जुळत नाही म्हणून मूल खुशाल पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनचा आकडा वाढवते. ते पाणी उरले नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झाले, हे त्याच्या गावीही नसते.

जाता जाता एक. हल्ली मुले हिंदी व्हिडिओ पाहून येतात. आपला अणू म्हणजे हिंदीतला ‘परमाणु’ आणि आपला रेणू म्हणजे हिंदीतला ‘अणु’. हे आधीच स्पष्ट केले नाही, तर वरचा सगळा युक्तिवाद उलटापालटा होतो.

पाठांतराला उतारा म्हणून हल्ली रंगीत फेसाचे ज्वालामुखी उडवतात. टाळ्या पडतात, पण कोणी वजन करत नाही. मी स्वतः व्हिनेगरच्या बाटलीत साडेतीन ग्रॅम खाण्याचा सोडा टाकून तोंडाला फुगा लावायचे आणि ‘बघा, वायू कोंडला, वजन तेवढेच’ असे ठोकून द्यायचे. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी काट्यावर वाकून म्हणाली, ‘बाई, एक ग्रॅमहून जास्त कमी दाखवतोय.’ मी काट्यालाच दोष दिला. घरी गेल्यावर उलगडा झाला. फुगा लिटरभर फुगला, त्याने लिटरभर हवा बाजूला सारली आणि त्या हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम. पाण्यात वस्तू हलकी वाटते, तसाच हा प्रकार. दुसऱ्या दिवशी भर वर्गात तिची माफी मागितली. त्या वर्षी त्या वर्गाला उत्प्रणोदन, म्हणजे पाण्याने वा हवेने वस्तूला वर लोटणे, वेगळे शिकवावे लागले नाही.

कोणाला करून पाहायचे असेल, तर फुग्याच्या नादी लागू नये. सोडावॉटरची लिटरभराची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तळाशी थोडे व्हिनेगर, टिश्यू पेपरच्या पुडीत एकच ग्रॅम सोडा. पुडी आत टाकून लगेच झाकण घट्ट लावावे. सोडा त्याहून जास्त नको. काचेची बाटली तर मुळीच नको. फेस निवेपर्यंत काटा हलत नाही. मग झाकण सैल करावे आणि काट्याकडे मुलांनाच पाहू द्यावे.

आपली,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका