श्रीखंडाच्या डब्यातली हार्ड डिस्क (तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पत्र)

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय कारण तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही विषय बदलता आणि चहा टाकायला उठता, मागच्या वेळी तर "बरं बरं, आता माझ्या एफडीचं व्याज बघ" म्हणून मला कामालाच लावलंत. इथे तुम्हाला उठून जाता येणार नाही, फार तर मोबाईल बाजूला ठेवाल.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी सांगलीत खणभागात राहतो, धंदा जीएसटी आणि इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरायचा, शिक्षण बीकॉम, कॉम्प्युटरचं म्हणाल तर सगळं यूट्यूब आणि रात्रीच्या जागरणांतून आलेलं. 2023 च्या दिवाळीत पुण्याला तपकीर गल्लीत गेलो होतो बायकोसाठी मिक्सरचं भांडं बघायला आणि येताना एक सेकंडहँड टायनी पीसी, म्हणजे डब्याएवढा कॉम्प्युटर, घरचा सर्व्हर करायला घेऊन आलो, सहाव्या जनरेशनचा आय फाईव्ह, 8 जीबी रॅम, साडेआठ हजार. (मिक्सरचं भांडं राहिलं ते राहिलंच.) त्यावर डेबियन 12 ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, मग डॉकर (त्यात प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये वेगळा चालतो), मग फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन, जाहिराती अडवायला पाय-होल, आणि एकदा का हा किडा चावला की माणूस सुधारत नाही. रात्री दोन वाजता मी कंटेनर अपडेट करत बसलेलो असायचो आणि सकाळी बायको विचारायची "आज तरी चालू आहे का तुझा डबा?"

सगळं सुरू कशापायी झालं तर फोटोंपायी. गुगलने 1 जून 2021 पासून फुकटची अमर्याद साठवण बंद केली, 15 जीबी केव्हाच भरले, आणि मला दर महिन्याला भाडं भरायचा तिटकारा. पण खरं सांगायचं तर फोटो हे निमित्तच होतं, मला तो डब्याचा निळा दिवा लुकलुकताना बघायला आवडायचा. आलेल्या गेलेल्याला मी तो दाखवायचो. आमच्या फायबरवाल्याचं कनेक्शन सीजीनॅटवर, म्हणजे आपल्याला स्वतःचा पब्लिक पत्ता नाहीच, राउटरमध्ये 100.64 ने सुरू होणारा आकडा दिसला की समजायचं बाहेरून पोर्ट उघडून काही उपयोग नाही, तर त्यावर टेलस्केल (आपलीच मशीनं आपसात जोडणारं खाजगी नेटवर्क) लावून ऑफिसमधून घरचे फोटो उघडले तेव्हा मला जणू काही मीच इंटरनेट शोधून काढल्यासारखं वाटलं होतं.

आणि मग तुम्ही आलात. जुलै 2024, रिटर्न भरायला, हातात पासबुकं आणि फॉर्म 16ए ची पिशवी. टीव्हीखालचा डबा बघून विचारलंत "हे काय?" मी अर्धा तास सांगितलं. तुम्ही सगळं शांतपणे ऐकलंत, लाईट किती खातं विचारलंत, मी म्हटलं डिस्कसकट 14 वॅट, तर लगेच माझ्याच पेनाने पासबुकाच्या पाकिटावर गुणाकार करून "म्हणजे महिन्याला दहा युनिट, ठीक आहे" म्हणालात. आणि मग एकच प्रश्न.

"बॅकअप घेतोस ते बरोबर, पण कधी रिस्टोअर करून बघितलायस का?"

मी म्हटलं काकू रोज रात्री अडीचला आपोआप होतो. तुम्ही म्हणालात "मी ते विचारलंच नाही."

तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की तुम्ही सहकारी बँकेतून रिटायर झालात ते ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरच्या, सेक्शनमधून. आम्ही आपले समजायचो काकू कॅशला असतील. लेजरच्या नोंदी करणारी एएलपीएम मशीन आली तेव्हापासून तुम्ही त्यात, आधी मोठ्या लवचिक फ्लॉप्या, मग कार्ट्रिज टेप, रोजची वेगळी, आठवड्याची वेगळी, महिनाअखेरची वेगळी, आणि त्याला तुम्ही मुलगा-बाप-आजोबा म्हणायचात. रजिस्टर असायचं, टेप नंबर, तारीख, कोणी घेतली, कोणी तपासली, सही. तपासणारा आणि घेणारा एक माणूस चालायचा नाही. 2005 च्या पुरात शाखेत पाणी यायच्या आदल्या दिवशी तुम्ही टेपांची पिशवी मांडीवर घेऊन एसटीने मिरजेला गेलात ही गोष्ट तुम्ही अशी सांगितलीत जशी कोणी भाजी आणायला गेलेलं सांगतं.

खरं सांगू का काकू, तेव्हा मी मनात म्हटलं होतं की जुन्या काळची माणसं, टेपांच्या गोष्टी. आमच्याकडे आता सगळं ऑटोमॅटिक. सॉरी.

तरी तुमच्या आग्रहाने एकेक टीबीच्या दोन छोट्या डिस्क घेतल्या, तुम्ही स्केचपेनने त्यावर अ आणि ब लिहिलंत. एक माझ्याकडे, एक तुमच्या गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, आत बुटांच्या खोक्यातली ती ओलावा शोषणारी पुडी. दर एक तारखेला अदलाबदल. आणि वही! दोनशे पानी, रेघा मारून दिलेली, फाईली किती, जीबी किती, टॅली झाली का, सही माझी, सही तुमची. फाईलींचा चेकसम (फाईलीच्या आतल्या डेटावरून निघणारा आकडा) काढून ताडून बघायचा हे मी वाचलेलं होतं पण कंटाळा करायचो, तुम्ही त्याला टॅली म्हणालात आणि माझ्यातल्या बीकॉमवाल्याला ते एका क्षणात पटलं. शिवाय प्रत्येक वेळी कुठल्यातरी दहा फाईली परत काढून उघडून दाखवायच्या, त्या कुठल्या ते तुम्ही सांगणार. पहिल्याच वेळी दहापैकी दोन उघडल्या नाहीत. रोज रात्री बॅकअप घेणाऱ्या माझ्या स्क्रिप्टने नावात स्पेस असलेले फोल्डर सहा महिने सरळ वगळले होते. तुम्ही काही बोलला नाहीत, वहीत फक्त "8/10" लिहिलंत.

एप्रिलमध्ये तुम्ही मला अजून एकदा सावध केलं होतंत. मूळ फोटो ज्यावर होते त्या मोठ्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, दाखवत होतो, 197 नंबरच्या ओळीत करंट पेंडिंग सेक्टर 8. तुम्ही विचारलंत हे शून्य का नाही. मी म्हटलं चालतंय काकू, म्हणजे आठ जागा अशा आहेत की डिस्कला वाचता येईनात, पण अजून बाद धरलेल्या नाहीत, लटकलेल्या आहेत. तुम्ही म्हणालात "म्हणजे सस्पेन्स अकाउंट की. आमच्याकडे सस्पेन्सला रुपया राहिला तरी घरी जाता यायचं नाही." मी हसलो. मे महिन्यात तो आकडा 40 झाला तरी मी नवीन डिस्क घेतली नाही, ऑफरची वाट बघत होतो.

मग 18 मे 2025 ची ती रविवारची रात्र. वळीव आला, गारा, वारा, लाईट गेली, आली, परत गेली, इन्व्हर्टर आहे पण तो पलटी मारायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात माझा डबा रीस्टार्ट. हे त्या रात्री चार वेळा. चौथ्या वेळी मोठी डिस्क उठलीच नाही. आता इथे माझी हुशारी बघा. एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) मी नोफेल लिहून ठेवलेलं, का, तर डिस्क नसली तरी मशीन अडकून न बसता चालू व्हावं म्हणून. झालं की चालू. ज्या फोल्डरवर डिस्क जोडली जायची तो फोल्डर जागेवर होता, फक्त रिकामा. इमिच शहाणं, त्याला त्याची स्वतःची खुणेची फाईल सापडली नाही म्हणून ते सुरूच व्हायला तयार नव्हतं. माझी स्क्रिप्ट मात्र आज्ञाधारक. रात्री अडीच वाजता तिच्यातलं आरसिंक (फाईली कॉपी करणारं टूल) उठलं, त्याला मी सांगून ठेवलेलं की मूळ ठिकाणी जे नसेल ते बॅकअपमधूनही डिलीट कर. मूळ ठिकाणी काहीच नव्हतं. त्याने बॅकअपमध्येही काही ठेवलं नाही. लॉगमध्ये एरर शून्य, खाली "यशस्वी", आणि सकाळी सव्वासातला मला टेलिग्रामवर हिरवी टिकसुद्धा आली.

साडेनऊला बायको म्हणाली फोटो उघडत नाहीयेत. मोठी डिस्क कानाला लावली तर टक, टक, टक, मग शांत, मग परत टक टक. बॅकअपची डिस्क उघडली तर अख्खी मोकळी. मी बराच वेळ नुसता त्या स्क्रीनकडे बघत बसलो, एका क्लायंटचा फोन येत होता तो तीनदा कट केला.

आणि गंमत म्हणजे तुमच्याकडची डिस्क मला आठवलीच नाही. मी फोटोरेक चालवायला घेतलं, ते पुसलेल्या डिस्कवरून फोटो शोधून काढतं पण नावं, फोल्डर सगळं जातं, एफ आणि पुढे सात-आठ आकडे अशा नावाच्या हजारो फाईली, त्यात लग्नाचा अल्बम आणि व्हॉट्सअॅपवरचे सुप्रभातचे गुलाब एकत्र कालवलेले. दुपारी तीनपर्यंत मी त्यातच. शेवटी बायकोच म्हणाली "काकूंच्या कपाटातलं काय झालं?"

तुम्ही दार उघडलंत, मी काही सांगायच्या आधीच माझं तोंड बघून आत गेलात आणि डबा घेऊन आलात. वर म्हणालात "घाई करू नकोस. आधी कॉपी काढ, मग त्या कॉपीवर काम कर. ही एकच राहिलीय आता." खाली आणून मी लगेच जोडणारच होतो काकू, त्याच मशीनला, ज्यात ती स्क्रिप्ट अजून तशीच होती. तुमच्या त्या एका वाक्यामुळे थांबलो, आधी स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालवणारं क्रॉन बंद केलं, आणि डिस्क बायकोच्या लॅपटॉपला फक्त वाचण्यापुरती लावली. 640 जीबी, यूएसबीवरून, रात्रभर. एक मे पर्यंतचं सगळं होतं, पुढचे अठरा दिवस तर फोनमध्येच होते.

त्यात आजीची 41 रेकॉर्डिंगं आहेत हे तुम्हाला माहीत आहे, कारण दहा फाईलींच्या तपासणीत तुम्ही दर वेळी त्यातली एक तरी मागायचात. जुन्या नोकियावरची एएमआर फाईल, मागे कुकरच्या शिट्ट्या. रिस्टोअर झाल्यावर पहिली कुठली लागली सांगू? ती ओवी सांगता सांगता मधेच थांबते आणि म्हणते "बंद कर ते मेल्या, तोंडापुढं काय धरलायस." ती गेली 2022 ला. त्या फाईलीची दुसरी प्रत जगात कुठे नव्हती, ती आणि तुमच्या साड्या एका कपाटात.

त्यानंतर मी काय काय बदललं ते तुम्हाला वहीत दिसतंच. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आता डिस्क खरंच जोडलेली आहे का ते तपासतो, नसेल तर तिथेच थांब आणि मला उठव. डिलीटची आज्ञा काढून टाकली, बॅकअपसाठी रेस्टिक लावलंय, त्यात तारीखवार प्रती राहतात, तुमच्या भाषेत मुलगा-बाप-आजोबा. छोटा यूपीएस घेतला. नवीन डिस्क घेतली, ऑफर नसताना. आणि मोठं म्हणजे तिसरी डिस्क क, जी तुम्ही मिरजेला लेकीकडे नेऊन ठेवलीत, कारण तुम्हीच म्हणालात की पहिला मजला आणि तिसरा मजला म्हणजे काही दोन गावं नव्हेत, 2019 ला पार्किंगमधल्या मीटरच्या पेट्या बुडाल्या तेव्हा आपण दोघंही एकाच बोटीतून बाहेर पडलो होतो. हे मला सुचायला हवं होतं, बोटीत मी तुमच्याच शेजारी बसलो होतो.

लोक मला विचारतात सेटअप काय आहे. मी प्रोसेसर सांगतो, रॅम सांगतो, कंटेनर किती ते सांगतो. दोनशे पानी वही सांगायची मला आधी लाज वाटायची. आता फोटो काढून पाठवतो, तुमच्या सहीवर अंगठा ठेवून.

एक तारखेला सकाळी येतो, ब घेऊन. तुम्ही तीन महिने विचारताय त्या श्रीखंडाच्या डब्याचं झाकण सापडलंय, जुन्या मेमरी कार्डांचा पसारा त्यात ठेवला होता मी. धुऊन आणतो.

तुमचा,
पहिल्या मजल्यावरचा

ता. क. एफडीच्या व्याजाचं बघितलं, बँकेने टीडीएस कापलाय, टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा 15एच फॉर्म वेळेत दिला होतात का ते जरा पिशवीत बघून ठेवा.