अर्ध्या कवितेने घोटाळा होतो

संपादक महोदय,

मार्च आला की पुरवण्यांमधून हिंदी कवयित्रींच्या चार-दोन ओळी चौकटीत छापल्या जातात. निवड हमखास डोळ्यांत पाणी आणणाऱ्या ओळींची असते. या कवितांचा स्त्रीवाद मात्र बहुतेकदा त्यांच्या रचनेत असतो, आणि कात्री नेमकी त्यावरच चालते.

अनामिकांची ‘बेजगह’ घ्या. चौकटीत येतो तो मधला तुकडा : मुली म्हणजे हवा, ऊन, माती, त्यांना घर नसतं. त्याआधीचा शाळेच्या वर्गातला प्रसंग गळतो. जागेवरून ढळले की केस, बायका आणि नखे कुठलीच राहत नाहीत, असा श्लोकाचा अन्वय संस्कृतचे शिक्षक लावतात आणि मुली भीतीने जागच्या जागी थिजतात. पुढे पहिलीच्या पुस्तकातली वाक्ये येतात : राम, शाळेत जा, राधा, स्वयंपाक कर. म्हणजे बेघर होण्याचे मूळ थेट बालभारतीसारख्या पाठात सापडते. आणि शेवट? माझे ‘ससंदर्भ स्पष्टीकरण’ कुणी देऊ नये, तुकारामाच्या एखाद्या अपुऱ्या अभंगासारखे मला वाचावे, अशी इच्छा. मराठी पुरवणीतून तुकोबाच गाळले जावेत, याला काय म्हणावे!

निर्मला पुतुल यांच्याबाबतीत चूक वेगळी. त्या संथाली कवयित्री. ‘नगाड़े की तरह बजते शब्द’मधल्या कविता हिंदीत आणल्या अशोक सिंह यांनी. मराठीत छापताना मूळ भाषा आणि हा अनुवादक दोन्ही गायब होतात. ‘उतनी दूर मत ब्याहना बाबा’ ही माहेरच्या ओढीची कविता म्हणून खपवली जाते. खरे तर मुलगी अटी घालते आहे : भेटायला येण्यासाठी बापाला घरच्या शेळ्या विकाव्या लागतील इतके लांब सासर नको, ज्याच्या हातांनी एकही झाड लावले नाही असा नवरा नको. शेळ्यांची ओळ काढली की बापाची ऐपत जाते, उरते फक्त रडणे.

२०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार हिंदी कवितेसाठी प्रथमच एका स्त्रीला, अनामिकांना, मिळाला. पण हिंदी कवयित्री शोधायला दिल्लीच गाठायला हवी असे नाही. ‘स्वाति बूँद और खारे मोती’च्या सुशीला टाकभौरे नागपूरच्याच. जात आणि घर दोन्हींचा जाच त्या एकाच कवितेत मांडतात.

चार चौकटींच्या जागेत एक कविता पूर्ण मावते. तीच छापावी, खाली संग्रह, मूळ भाषा आणि प्रत्येक अनुवादकाचे नाव द्यावे.

– एक अनुवादक, नागपूर